रक्तातला विषाणू मोजायला आपण कधी शिकलो? हिपॅटायटिस बी आणि 'व्हायरल लोड'ची गोष्ट



ज्यांना इअरफोन लावून ऐकण्यापेक्षा निवांत वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या आठवड्याचा भाग लिहून टाकतोय. बोलताना मध्येमध्ये जे 'म्हणजे ॲक्च्युअली' झालं होतं ते काढलंय, बाकी बरंचसं तसंच आहे. आणि आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो. त्यामुळे औषधाचा सल्ला इथे मिळणार नाही, इतिहास मिळेल.

आजचा विषय आहे एक आकडा. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाच्या फाइलमध्ये एक रिपोर्ट असतो, 'एचबीव्ही डीएनए क्वांटिटेटिव्ह' नावाचा. बोलताना सगळे त्याला 'व्हायरल लोड' म्हणतात. रक्ताच्या एका मिलिलीटरमध्ये, म्हणजे साधारण वीस थेंबांत, विषाणू किती आहे ते त्यात लिहिलेलं असतं. गोळी सुरू करायची की नुसतं लक्ष ठेवायचं, चालू गोळी लागू पडतेय का, गरोदर बाईला औषध द्यायचं का, या सगळ्यात हा आकडा बघितला जातो. पण हा विषाणू सापडला १९६०च्या दशकात, आणि तो नीट, सगळीकडे सारख्या मापात मोजता यायला जवळपास २००० साल उजाडलं. मधली पस्तीसेक वर्षं लोकांना 'तुम्हाला आहे' एवढंच कळायचं. किती आहे, ते नाही.

आपल्याकडे हिपॅटायटिस बीला 'पांढरी कावीळ' म्हणतात. गावाकडे कावीळ झाली की माळ घालायची पद्धत तुम्ही बघितली असेल. बारीक काड्यांची माळ डोक्यावर घालतात, ती दिवसागणिक लांब होत जाते, आणि खाली उतरली की कावीळ उतरली. काड्या सुकतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ वाढते. यकृताचा त्यात काही संबंध नाही. खराब पाण्यानं होणारी कावीळ बहुतेक वेळा आपली आपण बरी होते आणि श्रेय माळेला जातं. हसू नका पण. आत काय चाललंय ते बाहेर कशावर तरी वाचता आलं पाहिजे, ही त्यामागची गरज अगदी खरी आहे. आजचा सगळा इतिहास त्याच गरजेचा आहे.

सुरुवातीचा भाग पटकन उरकतो. १८८३ साली जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये गोदी कामगारांना देवीची लस टोचली. ती लस माणसांच्या शरीरातल्या द्रवापासून बनवलेली होती. १२८९ जणांना टोचली, त्यातल्या १९१ जणांना पुढच्या काही महिन्यांत कावीळ झाली. ज्यांना दुसरी लस मिळाली होती त्यांना काही झालं नाही. ल्युरमन नावाच्या डॉक्टरांनी १८८५ साली हे सगळं नीट लिहून ठेवलं. मग १९४२. दुसरं महायुद्ध, अमेरिकन सैन्याला पीतज्वराची लस, त्या लशीत टिकाऊपणासाठी घातलेला माणसाच्या रक्ताचा सीरम, आणि जवळपास ५० हजार सैनिकांना कावीळ. १९८७ मध्ये त्याच जुन्या सैनिकांचं रक्त तपासलं तेव्हा पक्कं झालं की ती हिपॅटायटिस बी होती, आणि नकळत लागण झालेल्यांचा अंदाज तीन लाखांच्या वर गेला. म्हणजे कावीळ दिसली ती थोड्यांना, विषाणू शिरला तो कितीतरी जास्त लोकांत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता खरी गोष्ट. बारूख ब्लुमबर्ग नावाचे अमेरिकन डॉक्टर होते. ते कावीळ शोधतच नव्हते! त्यांना प्रश्न वेगळाच पडला होता: एकच आजार काहींना होतो, काहींना नाही, असं का? म्हणून ते जगभरातून लोकांच्या रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि त्यातल्या प्रथिनांमधले बारीक फरक शोधायचे. शोधायची युक्ती अशी. ज्या रुग्णांना आयुष्यभर पुष्कळ वेळा दुसऱ्यांचं रक्त चढवलं गेलंय, त्यांच्या शरीरात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असणार. मग त्या रुग्णाचा सीरम एका बाजूला ठेवायचा, जगभरातले नमुने दुसऱ्या बाजूला, आणि बघायचं कुठे जुळतंय.

ठेवायचा कशात? अगारच्या जेलमध्ये. अगार म्हणजे आपलं चायनाग्रास हो, घरी पुडिंगमध्ये घालतात ते. काचेच्या पट्टीवर चायनाग्रासचा थर, त्यात छोटे छोटे खड्डे, मधल्या खड्ड्यात रुग्णाचा सीरम, आजूबाजूच्या खड्ड्यांत इतरांचे. दोन्ही हळूहळू जेलमधून पसरतात. जिथे प्रतिपिंड आणि त्याचं जुळणारं प्रथिन भेटतात तिथे साका बसतो आणि एक पांढरट रेघ उमटते. बस. ना कॉम्प्युटर, ना महागडं यंत्र.

१९६३ साली ब्लुमबर्ग आणि हार्वी ऑल्टर यांच्या प्रयोगात न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाचा सीरम आणि ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाचा सीरम यांच्यामध्ये अशी रेघ आली. रंग घातल्यावर ती नेहमीसारखी निळी न होता लाल झाली, म्हणजे हे काहीतरी निराळं होतं. नाव दिलं 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन'. आता हे कशाचं आहे ते कुणालाच माहीत नाही. १९६५ मध्ये निबंध छापला त्यात संबंध लावला होता ल्युकेमियाशी, कारण त्या रुग्णांत ते जास्त सापडत होतं. (त्यांना रक्त खूप वेळा चढवलं जायचं, हे त्यामागचं साधं कारण नंतर कळलं.)

मग १९६७. ब्लुमबर्ग तोवर फिलाडेल्फियाला गेले होते. त्यांच्या प्रयोगशाळेत बार्बरा वर्नर नावाच्या तंत्रज्ञ काम करायच्या, रोज हेच नमुने हाताळायच्या. त्यांना बरं वाटेनासं झालं. अशक्तपणा, लघवी गडद. त्यांनी काय करावं? स्वतःचंच रक्त स्वतःच्या टेस्टवर लावलं. फिकट का होईना, रेघ आली. पुढे कावीळ झालीच, आणि त्या पूर्ण बऱ्याही झाल्या. या टेस्टनं निदान झालेला हिपॅटायटिसचा पहिला रुग्ण म्हणजे टेस्ट करणारी बाईच. इतिहासात ब्लुमबर्गना १९७६ चं नोबेल मिळालं, आणि त्यांच्या वाढदिवशी, २८ जुलैला, जग हिपॅटायटिस दिन पाळतं. माझ्या मनात मात्र ही बाई राहिली, आपल्याच रक्ताची रेघ उजेडात धरून बघणारी.

पुढे टोकियोत ओकोची आणि न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड प्रिन्स यांनीही या अँटिजेनचा काविळीशी संबंध पक्का केला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून रक्तपेढ्यांत दान केलेलं रक्त तपासलं जाऊ लागलं. चायनाग्रासची जागा किरणोत्सारी टेस्टनं घेतली, जी कितीतरी बारीक पकडायची. आज रक्तदान केल्यावर जी 'एचबीएसएजी' टेस्ट होते ना, ती याच ऑस्ट्रेलिया अँटिजेनची नात.

तुम्ही म्हणाल, मग प्रश्न सुटला की! नाही सुटला. ही टेस्ट बुलियन आहे, आहे किंवा नाही. आणि ती विषाणू मोजतसुद्धा नाही.

ते कसं, बघा. १९७० मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये डेव्हिड डेन यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली रुग्णाचं रक्त बघितलं. त्यात तीन प्रकारचे कण दिसत होते. छोटे गोळे, लांबुडक्या काड्या, आणि अगदी थोडे मोठे, दुहेरी कवचाचे गोळे, सुमारे ४२ नॅनोमीटरचे. खरा विषाणू म्हणजे हे मोठे गोळे. बाकीचे नुसतेच रिकामे खोके! आत डीएनए नाही, काही नाही, फक्त बाहेरचं वेष्टन. आणि हे रिकामे खोके खऱ्या विषाणूच्या हजारपट, कधी लाखपट असतात. शरीराची संरक्षण यंत्रणा या खोक्यांवर आपली प्रतिपिंडं खर्च करत बसते असं मानतात. एचबीएसएजी टेस्ट हे वेष्टन ओळखते. एखाद्या गोदामाबाहेर रिकाम्या खोक्यांचा ढीग बघून आत माल किती आहे ते सांगण्यासारखं झालं.

मालाचा अंदाज कळणं किती गरजेचं होतं हे १९८१ मध्ये तैवाननं दाखवलं. पामर बीझ्ली आणि सहकाऱ्यांनी तिथल्या २२,७०७ सरकारी कर्मचारी पुरुषांवर अनेक वर्षं लक्ष ठेवलं. त्यातल्या ३४५४ जणांमध्ये हे अँटिजेन कायमचं होतं. यकृताच्या कर्करोगानं जे ४१ जण गेले, त्यांतले ४० याच गटातले. धोका २२३ पट. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातंसुद्धा एवढं घट्ट नाही. पण हाच आकडा उलटा करून बघा. ३४५४ पैकी ४० गेले, म्हणजे तेवढ्या काळात बाकीच्या बहुसंख्यांना तो कर्करोग झाला नाही. रेघ सगळ्यांची सारखीच. मग कुणाला घाबरायचं आणि कुणी निवांत झोपायचं?

तर आतला माल मोजायचे प्रयत्न समांतर चालू होतेच. १९७२ मध्ये स्वीडनच्या मॅग्नियस आणि एस्पमार्क यांना विषाणूचं आणखी एक प्रथिन सापडलं, 'ई अँटिजेन'. ते रक्तात असेल तर विषाणू जोरात वाढतोय असं समजायचं. आजही ते बघतात. पण तेही हो-नाहीच, आणि विषाणूत एक बदल झाला की ई अँटिजेन बनणंच थांबतं, विषाणू मात्र वाढतच राहतो. १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांच्या गटानं दाखवलं की डेनच्या त्या मोठ्या गोळ्यांमध्ये डीएनए जोडणारं एन्झाइम असतं. मग किरणोत्सारी कच्चा माल घालून ते एन्झाइम किती काम करतं ते मोजायचे. हा माझ्या मते पहिला खरा 'आकडा', पण वेळखाऊ आणि ढोबळ.

१९७९ मध्ये पॅरिसमध्ये विषाणूचा अख्खा जनुकीय मजकूर वाचून झाला. सुमारे ३२०० अक्षरं. फक्त! मी ऑफिसमध्ये एक बटण हलवायला याहून मोठी फाइल लिहितो. मजकूर कळला म्हणजे त्याला चिकटणारा तुकडा बनवता येतो. मग १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला 'हायब्रिडायझेशन' आलं: रक्तातला डीएनए कागदासारख्या पडद्यावर ठिपक्यासारखा चिकटवायचा, त्यावर जुळणारा खुणेचा तुकडा सोडायचा, आणि ठिपका किती गडद होतो त्यावरून डीएनए किती ते ठरवायचं. उत्तर यायचं पिकोग्रॅममध्ये, म्हणजे वजनात.

इथे मी कॅल्क्युलेटर काढला. ३२०० जोड्या, एका जोडीचं वजन साधारण ६५० डाल्टन. म्हणजे एका विषाणूचा डीएनए साधारण २१ लाख डाल्टन. अ‍ॅव्होगाड्रोचा आकडा लावा (बारावीनंतर पहिल्यांदाच उपयोगी पडला), तर एका पिकोग्रॅममध्ये येतात सुमारे २.९ लाख डीएनए. आता या जुन्या टेस्टना एखाद-दुसऱ्या पिकोग्रॅमच्या खालचं दिसायचंच नाही. म्हणजे मिलिलीटरला दोन-तीन लाख विषाणू असलेल्या माणसाला 'निगेटिव्ह' असा कागद मिळायचा. तो खिशात घालून तो घरी जायचा.

हे बदललं पीसीआरनं. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सीटस कंपनीत कॅरी मुलिस यांना ही कल्पना सुचली, १९९३ मध्ये नोबेल. डीएनएचा हवा तो तुकडा दुप्पट करायचा, परत दुप्पट, परत. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींच्या वर. दशकाच्या शेवटापर्यंत हिपॅटायटिस बीसाठी पीसीआर वापरात आली. पण एक अडचण. दुप्पट करत राहिलं की शेवटी कच्चा माल संपतो आणि सगळ्यांचा आलेख एकाच उंचीवर सपाट होतो. सुरुवात दहापासून केली की दहा लाखांपासून, शेवटी सारखंच दिसतं. पुन्हा हो-नाही!

त्यावर तोडगा काढला रसेल हिगुची यांनी, १९९२-९३ च्या सुमारास. शेवटी किती झालं ते बघायचंच नाही. डीएनए वाढला की चमकणारा रंग नळीत आधीच घालायचा आणि प्रत्येक फेरीला कॅमेऱ्यानं बघत राहायचं, चमक कितव्या फेरीत दिसू लागते. लवकर दिसली तर सुरुवातीला माल जास्त, उशिरा दिसली तर कमी. कोविडमध्ये आपण सगळे 'सीटी व्हॅल्यू किती आली?' विचारत होतो ना, तीच ही फेरी. साधारण सव्वातीन फेऱ्या आधी दिसली की विषाणू दहापट. याच काळात 'टॅकमॅन' तंत्र आलं, ज्यात एन्झाइम पुढे जाताना वाटेतला खुणेचा तुकडा खात जातं आणि तो खाल्ला की चमक सुटते. नाव कशावरून? पॅकमॅन गेमवरून. खरंच.

आता थोडं घरचं सांगतो, कारण हा भाग करायचं डोक्यात तिथूनच आलं. माझ्या एका मावसभावाला गणपती मंडळाच्या रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीतून फोन आला. पांढरी कावीळ निघाली. वय तिशीच्या आत, लग्नाचं बघत होते. शहरातल्या एका लॅबमध्ये व्हायरल लोड केला, आला ५८,०००. सहा महिन्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये केला, स्वस्त पडला म्हणून. आला १०,०००. मधल्या काळात मावशीनं कुठल्याशा वैद्याचा काढा चालू केला होता. घरात आनंदीआनंद, सहा महिन्यांत एवढा उतरला! डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख रद्द करायची का, अशी चर्चा सुरू झाली. मी सुट्टीत गेलो होतो, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले. पहिल्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं 'कॉपीज प्रति एमएल'. दुसऱ्यावर 'आययू प्रति एमएल'. एक आययू म्हणजे, टेस्टनुसार, पाच ते सहा कॉपी. ५८,००० ला ५.८ नं भागा.

तोच आकडा. विषाणू तसूभरही हलला नव्हता.

दोन्ही लॅबनी काम चोख केलं होतं, फक्त मापं वेगळी होती आणि ते ठळक सांगायची तसदी कुणी घेतली नव्हती. ही भानगड काही नवी नाही. १९९०च्या दशकात एक कंपनी पिकोग्रॅम द्यायची, दुसरी कॉपीज, तिसरी 'इक्विव्हॅलंट' नावाचं काहीतरी. एकाच नळीतल्या रक्ताचे आकडे जुळायचे नाहीत. म्हणून १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हिपॅटायटिस बीच्या डीएनएचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरवलं. एका ठरावीक नमुन्याच्या गोठवून सुकवलेल्या बाटल्या, त्या कित्येक प्रयोगशाळांना पाठवून घेतलेले निकाल, आणि त्यावरून 'यात एवढे आययू आहेत' असं एकमतानं मान्य केलेलं मूल्य. पॅरिसला ठेवलेल्या धातूच्या किलोग्रॅमसारखंच, फक्त हा किलोग्रॅम विषाणूचा. योगायोग बघा, त्याच १९९९ मध्ये नासाचं मंगळावर निघालेलं यान, मार्स क्लायमेट ऑर्बिटर, एका सॉफ्टवेअरनं पौंडात आणि दुसऱ्यानं न्यूटनमध्ये हिशेब धरल्यामुळे नष्ट झालं. आमच्या धंद्यात ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते.

माप आलं, पण किती म्हणजे जास्त? २००० साली अमेरिकेत तज्ज्ञांची बैठक झाली आणि आकडा ठरला मिलिलीटरला एक लाख कॉपी. कुठून आला? बऱ्यापैकी अंदाजानं. जुन्या हायब्रिडायझेशन टेस्टना साधारण तेवढंच दिसायचं. म्हणजे चष्म्याच्या नंबरवरून ठरवलं की कुठला धोका खरा!

याचं उत्तर पुन्हा तैवाननंच दिलं. चेन चिएन-जेन या साथरोगतज्ज्ञांच्या गटानं १९९१-९२ मध्ये सात गावांतल्या ३० ते ६५ वयाच्या लोकांचं रक्त घेऊन गोठवून ठेवलं होतं. त्यातले ३६५३ जण एचबीएसएजी पॉझिटिव्ह होते. हे लोक आपापलं जगत राहिले. सरासरी ११.४ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, २००४ च्या मध्यापर्यंत १६४ जणांना यकृताचा कर्करोग झाला. आणि तेव्हा, नवी पीसीआर हाताशी असताना, ती जुनी गोठवलेली रक्तं मोजली. कल्पना करा, शेवट माहीत आहे आणि आता तुम्ही पहिला लॉग उघडताय.

निकाल २००६ मध्ये छापून आला. ज्यांच्या रक्तात सुरुवातीला ३०० पेक्षा कमी कॉपी होत्या त्यांच्यात कर्करोगाचं प्रमाण १.३ टक्के. दहा हजार ते एक लाख कॉपीवाल्यांत ३.६ टक्के. एक लाख ते दहा लाखवाल्यांत १२.२. दहा लाखांच्या वर, १४.९ टक्के. पायऱ्या चढत जाव्यात तसा. आणि यातल्या बहुतेकांना ई अँटिजेन नव्हतं. त्या टेस्टनं त्यांना 'शांत' ठरवलं असतं. दहा हजार ते लाखाच्या मधले लोक तर जुन्या मापाप्रमाणे रुग्णच नव्हते. पुढे उपचारांच्या चर्चेत जो २००० आययूचा आकडा सारखा येतो तो म्हणजे साधारण दहा हजार कॉपी, आणि त्यामागे या सात गावांतलं गोठवलेलं रक्त आहे. (चेन पुढे तैवानचे उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि नंतर पंतप्रधानही. आपल्याकडे साथरोगतज्ज्ञ निवडून आलेला बघायचाय मला.)

वाचताना मला अस्वस्थही वाटलं, ते लपवत नाही. रक्त घेतलं तेव्हा तोंडानं घ्यायची परिणामकारक गोळी बाजारात नव्हती, पहिली आली १९९८ मध्ये, लॅमिव्हुडिन. त्या १६४ जणांपैकी किती जण पाचेक वर्षं उशिरा जन्मले असते तर वाचले असते, हा विचार येतोच.

पण हा आकडा सरसकट लावायचा नाही. ही माणसं तिशीच्या पुढची, बहुतेक लहानपणीच लागण झालेली. वीस वर्षांच्या मुलात कधीकधी विषाणू कोटींमध्ये असतो आणि यकृत शांत असतं, कारण शरीरानं त्याच्याशी भांडण सुरूच केलेलं नसतं. म्हणून डॉक्टर सोबत एएलटी बघतात, यकृत किती कडक झालंय ते बघतात, वय आणि घरातला इतिहास विचारतात. नुसता व्हायरल लोड गूगल करून रात्र जागवू नका.

लॅमिव्हुडिननं व्हायरल लोडला आणखी एक काम दिलं. गोळी सुरू केली की आकडा धडाधड खाली यायचा, आणि एक-दोन वर्षांत काही जणांचा पुन्हा वर चढायचा. विषाणूनं रूप बदललेलं असायचं. रुग्णाला काही जाणवायच्या आधी हे आकड्यात दिसायचं. नंतर आलेल्या एंटेकाविर आणि टेनोफोव्हिरला तो सहजासहजी चुकवू शकत नाही. त्यांच्यावर रिपोर्ट येतो 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. लोकांना वाटतं संपला. पण विषाणूच्या डीएनएची एक गोल प्रत यकृताच्या पेशींच्या केंद्रकात बसून असते, आणि रक्ताची टेस्ट तिथे पोहोचत नाही. गोळी मनानं बंद केली की तिथूनच नव्या प्रती सुटतात, कधीकधी जीवघेण्या वेगानं. हे वाक्य दोनदा वाचा.

रिपोर्ट वाचताना अजून एक गोष्ट. हे आकडे लॉगमध्ये बघायचे असतात. २० लाखांवरून २००० म्हणजे तीन लॉग, घसघशीत. ४००० चे ६००० झाले तर घाबरायचं कारण नसतं, टेस्टचा स्वतःचाच हलण्याचा पल्ला तेवढा असतो. साधारण तिपटीच्या आतला फरक डॉक्टर फारसा मोजत नाहीत.

आता आपल्याकडचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २.९८ कोटी लोकांना हिपॅटायटिस बी होता. जगभरात २५.४ कोटी. यातल्या बहुतेकांना पत्ताच नाही. ज्यांना आहे त्यांच्यातले कितीतरी जण व्हायरल लोडपाशी अडतात, कारण खासगीत ही टेस्ट हजारांत जाते आणि ती दर काही महिन्यांनी करावी लागते. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. ठरावीक सरकारी केंद्रांत टेस्ट आणि औषध मोफत आहे, आणि माझ्या ओळखीतल्या दहापैकी नऊ जणांनी याचं नावही ऐकलेलं नव्हतं. जिल्हा रुग्णालयात जाऊन 'हिपॅटायटिसचं केंद्र कुठे आहे' असं सरळ विचारा.

यंत्राच्या बाजूनं एक चांगली गोष्ट आपल्या शेजारी, गोव्यात घडलीय. तिथल्या मोलबायो कंपनीचं 'ट्रूनॅट' हे बॅटरीवर चालणारं छोटं पीसीआर यंत्र क्षयरोग आणि कोविडसाठी देशभर पोहोचलं. चिप बदलली की तेच यंत्र हिपॅटायटिस बीचा व्हायरल लोड काढतं. म्हणजे हिगुचींचा अंधाऱ्या खोलीतला कॅमेरा आता टेबलाच्या कोपऱ्यावर मावतो, वातानुकूलित लॅब नसलेल्या ठिकाणीसुद्धा.

आणि २०२४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेनं उपचारांचे नियम बरेच सोपे केले. त्यात एक रस्ता असाही ठेवलाय की व्हायरल लोडची सोय नसेल तर तेवढ्यासाठी उपचार अडवायचा नाही, साध्या रक्ततपासण्यांवरून ठरवायचं. एवढी वर्षं झटून मिळवलेला आकडा, आणि तो नसला तरी चालेल असं आता तेच म्हणतात! मला ते पटतं. मात्र गरोदर बाईच्या बाबतीत हा आकडा अजूनही फार कामाचा. दोन लाख आययूच्या वर असेल तर नुसत्या लशीला चुकवून विषाणू बाळापर्यंत जाऊ शकतो, म्हणून शेवटच्या महिन्यांत आईला टेनोफोव्हिर देतात, आणि बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिली लस. नवजात बाळाला लागण झाली तर दहातल्या नऊ वेळा ती आयुष्यभराची होते; धडधाकट मोठ्या माणसाला झाली तर शंभरात पाचांपेक्षा कमी वेळा.

भावाचं विचाराल तर त्यानं डॉक्टरांची तारीख पाळली. आता एकाच लॅबमध्ये टेस्ट करतो, आकडा आययूमध्ये एका शीटवर लिहून ठेवतो, लॉगचा कॉलम मी बनवून दिलाय. काढा बंद. लग्न ठरलंय, मुलीला सगळं आधी सांगून. तिनं लशीचे तीन डोस घेतले.

ती लस कशी बनली, सुरुवातीला चक्क रुग्णांच्या रक्तातले ते रिकामे खोके गाळून, आणि १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं ती भारतात बनवायला घेतल्यावर काय झालं, ते पुढच्या भागात. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पण स्वतःचे रिपोर्ट नका पाठवू, ते डॉक्टरांना दाखवा. भेटू!